पेंढ्याचं पिल्लू

बिसेनगालीचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. माझ्या जिभेला हाड नाही, तोंडातून काहीबाही जाईल. म्हणून आधी उल्बोसिन आपाचं सांगते.

उल्बोसिन म्हणजे ‘मुलगा होऊ दे’. मुलींमागून मुली झाल्या की आमच्या मंगिस्ताऊच्या माळरानात एखादीचं नाव असं ठेवतात. हिचं नाव फळलं, पण फार उशिरा. तिचा भाऊ बिसेन जन्मला तेव्हा आपा परकरातून बाहेर पडायच्या वयाची होती, मोठ्या बहिणी नांदायला गेलेल्या. आणि त्याला जन्म देऊन आई गेली. मग काय, चिंधी उंटिणीच्या दुधात बुडवायची नि पोराच्या तोंडात धरायची, असं करून आपानं त्याला जगवलं. स्थळं आली की म्हणायची, ‘‘पोरगं जरा मोठं होऊ दे.’’ पोरगं मोठं झालं, त्याचं लग्न झालं, त्याचा दूर रस्त्यापलीकडं उंटांचा मोठा कळप झाला. आपा राहिली आमच्या आउलात, म्हणजे वस्तीत, माझ्या भिंतीला भिंत लावून, आपली मोजकी उंटं घेऊन. त्यांचं दूध आंबवून शुबात करायची आणि तेलविहिरींवर जाणाऱ्या ट्रकवाल्यांना विकायची. ट्रकवाले दुसऱ्या कुणाकडचं शुबात घेत नसत.

भावाला ती तेव्हाही ‘बोताम’ म्हणायची, म्हणजे माझं उंटाचं पिल्लू. पोट सुटलं होतं पिल्लाचं, डोक्यावर टक्कल. मी म्हणायचे, ‘‘आपा, तुझ्या पिल्लाला आता वशिंड फुटलंय गं, तेही पुढच्या बाजूला.’’ ती नुसती हसायची.

तो आला की चहाचा थाट बघावा. वाडग्यात दोन घोट ओतायची, फक्त दोन घोट. ते संपले की पुन्हा दोन. माणूस जवळचा असला की असंच ओततात. त्यानं वाडगं पुन्हा पुन्हा पुढं करावं, बसून राहावं. काठोकाठ भरून द्यायचं ते ज्याला लवकर वाटेला लावायचं असतं त्याला. बिसेनसाठी ती एवढं थोडं ओतायची की मी चिडवायचे, ‘‘आपा, वाडगं नुसतं ओलं केलंस की!’’

तर त्या वर्षीचा वसंत. आपाच्या तोर्काला पिल्लू झालं. तोर्का ही तिच्या जुन्या उंटिणीची नात. ज्या उंटिणीच्या दुधावर बिसेन वाढला, तिच्याच वंशातली शेवटची. तोर्काही म्हातारपणाला टेकलेली, पुन्हा व्यायेल याची खात्री नाही. पिल्लू मादी निघालं तेव्हा आपा अंगणात बसून रडली. एवढी रडली की मला वाटलं काही वाईटच झालं. पिल्लाचं नाव ठेवलं केर्बेझ, म्हणजे नखरेल. मान वाकडी करून चालायची ती सटवी. आपा म्हणायची, ‘‘ही जगली की माझ्यामागं वंश राहील बघ. मला पोरं नाहीत, निदान आईच्या उंटिणीला तरी असू देत.’’

असं सगळं चाललेलं आणि एक दिवस बिसेन ट्रक घेऊन आला. ट्रकात एक दुभती उंटीण आणि पेंढा भरलेलं पिल्लू.

पिल्लू मेलं की उंटीण पान्हा सोडत नाही. मग मेल्या पिल्लाचं कातडं काढायचं, त्यात गवत भरायचं आणि धार काढताना तिच्यापुढं उभं करायचं. ती बिचारी हुंगते, चाटते आणि पान्हावते. आमच्यात सगळेच करतात.

‘‘आपा, ही तुला,’’ बिसेन म्हणाला. ‘‘पिल्लू लांडग्यानं मारलं. दूध मात्र भरपूर आहे, तुझं शुबात वाढेल. किती दिवस मनात होतं तुला काही द्यावं म्हणून.’’

आपाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी पाहिलं, म्हणून तर माझा जीव आजही जळतो. साऱ्या जन्मात त्यानं पहिल्यांदा काही आणलं होतं. तिनं त्याच्या टकलाचा मुका घेतला.

मी मेली चौकस. मी त्या पेंढ्याच्या पिल्लाभोवती फिरले. गळ्याला दाताची खूण नाही, पोटाला भोक नाही. सुरीनं सरळ उभं चिरलेलं कातडं, आणि तोंडाला डांबर फासलेलं.

‘‘काय रे, तुमच्याकडचा लांडगा सुरीकाटा घेऊन जेवतो का?’’ मी विचारलं.

‘‘मानगुटीला धरलं होतं, आम्ही वेळेवर पोचलो,’’ तो म्हणाला. माझ्याकडं बघितलंही नाही. ‘‘डांबर लावलंय किडे लागू नयेत म्हणून.’’

‘‘बिबिसारा, पाहुण्याला असं विचारतात?’’ आपा मला दटावत म्हणाली. ‘‘त्यातून भेट आणलीय त्यानं. तू आत जा, बाऊरसाक तळायला घे.’’

मी गेले आत, कणकेचे गोळे तळले. गरमागरम बाऊरसाक त्यानं ताटभर खाल्ले. दोन-दोन घोट चहा पीत दिवस मावळेपर्यंत बसला, आणि जाताना उंटिणीच्या पाठीवर थाप मारून गेला.

पेंढ्याचं पिल्लू केर्बेझच्याच वाड्यात उभं असायचं. दुसरीकडं सावली कुठं होती? केर्बेझला त्याचं भारी वेड. त्याला ढुशा मारायची, त्याचं तोंड चाटायची. डांबराची चव लागली असेल, नाहीतर सोबत. आपा म्हणायची, ‘‘बघ, सोबतीण मिळाली हिला.’’

थोड्याच दिवसांत केर्बेझच्या ओठावर एक पुटकुळी दिसली. आपा म्हणाली काटा टोचला असेल. मग नाकपुडीवर आल्या, मग पापण्यांवर, मग मांड्यांच्या आत. ओठ इतके सुजले की तिला आचळ तोंडात धरता येईना. आपानं चिंधी दुधात बुडवून तिच्या तोंडात धरली, तशीच, जशी भावाच्या तोंडात धरायची. मी बघत होते. मला बघवेना.

तालुक्याहून जनावरांची डॉक्टरीण आली. तिनं केर्बेझचं तोंड बघितलं आणि म्हणाली, ‘‘ही देवी आहे, उंटांची. मोठी उंटं यातून उठतात, पण एवढं लहान पिल्लू... आजूबाजूला कुठं नाही हा रोग. तुमच्याकडं आला कुठून?’’

डॉक्टरीण वाड्यात फिरली, पेंढ्याच्या पिल्लापाशी थांबली आणि चिंधीनं त्याच्या तोंडावरचं डांबर पुसायला लागली. डांबराखाली ओठभर खपल्या होत्या.

‘‘खपल्यांत हा रोग महिनोन्‌महिने जिवंत राहतो,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी आणलं हे?’’

आपा भिंतीला टेकली आणि खाली बसली. मग पदराखालून फोन काढून भावाला लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ती आवाज मोठा ठेवते, त्यामुळं मीही ऐकलं.

‘‘बोताम, पिल्लू कशानं मेलं होतं?’’

मग तो म्हणाला, ‘‘आपा, तेव्हा कळप बघायला गिऱ्हाईक येणार होतं. पिल्लू देवीनं मेल्याचं कळलं असतं तर सगळा सौदा बोंबलला असता. डॉक्टर आले असते, वाहतूक बंद झाली असती. मग कुठं नेऊ मी त्या उंटिणीला?’’

‘‘माझ्या घरी पिल्लू होतं रे.’’

‘‘दुसरीकडं नेली असती तर शंभर प्रश्न विचारले असते लोकांनी. तू विचारणार नाहीस, ठाऊक होतं मला. तू आईसारखी ना?’’

ऐकलंत? केसानं गळा कापला, आणि वर म्हणतो आईसारखी! माझ्या तोंडात अशी शिवी आली की काय सांगू. आपानं मात्र फोन बंद करून पदरात बांधला, उठली आणि केर्बेझपाशी जाऊन बसली. ‘‘ते कातडं मीपण बघितलं होतं, बिबिसारा,’’ एवढंच म्हणाली. ‘‘मला दिसत नव्हतं असं वाटलं का तुला?’’

केर्बेझ गेली. डॉक्टरणीनं तिला कातड्यासकट जाळायला लावलं, पेंढ्याचं पिल्लूही त्याच आगीत. तोर्कापुढं उभं करायला काहीसुद्धा उरलं नाही. तोर्का रोज त्या राखेपाशी जायची, हुंगायची आणि असा हंबरडा फोडायची की आउलातल्या बायका कामं टाकून बाहेर यायच्या. आपा तिच्या मानेला गाल लावून गुणगुणायची, आचळं चोळायची. पान्हा आला नाही. तोर्काच्या ओठांवरही फोड आले, भावाच्या उंटिणीच्याही. दोघी उठल्या त्यातून. पण तोर्काचं दूध आटलं ते आटलंच.

शरद संपत आला तेव्हा बिसेन आला. आपासाठी पांढरी शाल घेऊन. मी मुद्दाम तिथंच बसून राहिले, उठा म्हटलं असतं तरी उठले नसते.

शाल आपापुढं ठेवून तो म्हणाला, ‘‘आपा, झालं ते झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. आता राग सोड.’’ आपानं चहाची किटली चुलीवर ठेवली, तसा त्याला धीर आला. ‘‘एक सांगायचं होतं. आमच्याकडं पुन्हा कुठं कुठं देवी दिसतेय म्हणतात. माझी ती उंटीण तर यातून उठलीय, तिला आता जन्मात लागणार नाही. असं जनावर हल्ली शोधून मिळत नाही. तुला तरी एवढ्या जनावरांचं होतंय कुठं? नेऊ का तिला?’’

मी ताडकन उठले. ‘‘अरे, लाज विकून आलास का रे?’’

आपानं हात करून मला बसवलं. बाहेर गेली, उंटीण सोडून आणली, दोरी त्याच्या ट्रकला बांधली, आत आली आणि हात धुतले. शाल घडी न मोडता त्याच्या टोपीशेजारी ठेवली. मग किटली घेतली, वाडगं घेतलं आणि ओतायला लागली. दोन घोट झाले. हात थांबला नाही. अर्धं झालं. हात थांबला नाही. काठाला चहा लागला, वर फुगला, तेव्हा थांबली.

‘‘घे, बिसेनगाली,’’ ती म्हणाली. त्याला पुऱ्या नावानं हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

त्यानं वाडग्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ‘‘आपा...’’ म्हणाला. ती किटलीचं झाकण लावत होती. त्यानं वाडगं उचलायला बघितलं, चहा हातावर सांडला, भाजलं. उचलता येईना. शेवटी तो वाकला आणि तोंडच वाडग्यापाशी नेलं.

पिऊन होईपर्यंत आपा तिथंच बसून होती. मग तिनं रिकामं वाडगं उचललं, धुतलं आणि फळीवर पालथं घातलं.