मामांची मारामारी

माझ्या बायकोच्या मामांइतका मऊ मनाचा माणूस अख्ख्या पलूस तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी रक्तपाताची आवड असलेला साऱ्या सांगली जिल्ह्यात नाही. घरात कोंबडी कापायची म्हटली की मामा उसाला पाणी पोचलंय का बघायला म्हणून जे निघतात, ते रस्सा उकळल्याशिवाय परत येत नाहीत. पण टीव्हीवर हिंदीत बोलणारे चिनी पैलवान एकमेकांची हाडं मोडू लागले, की हाच माणूस मांडी घालून भडंग खात बसतो. पडद्यावर कुणाचा तरी हात तुटून पडतो आणि मामा मामींना म्हणतात, "अगं, वाइच कांदा आण की."

त्यांना रडू येतं ते निराळ्याच ठिकाणी. हिरोच्या आईने भात वाढला की मामांचे डोळे भरलेच. मेलेल्या गुंडांचंही त्यांना वाईट वाटतं. "आता ह्याच्या घरी कुणी सांगायचं, पावणं?" असं ते मला विचारतात. शिवाय सिनेमातल्यांची नाती आधी लावून घ्यायची, हा दंडक. सख्खा की चुलत, थोरला की धाकटा, हे ठरल्याशिवाय पहिला ठोसाही त्यांना गोड लागत नाही. एवढं वैर कशापायी, असं मी एकदा विचारलं.

"बांधावरनं असंल," मामा शांतपणे म्हणाले. "दुसरं काय असतंय?"

हे अनुभवाचे बोल होते. शेताच्या बांधावरूनच थोरल्या भावाशी, म्हणजे अण्णांशी, त्यांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत एकच. मामा टीव्हीचा आवाज असा सोडतात की वरचा पत्रा थरथरावा. मामींनी बारीक करायला सांगितलं तर म्हणतात, "मला ऐकू येत न्हाई." शेजारच्या रानातली मोटर बंद पडलेली घरबसल्या ओळखणारा हा माणूस! खरं कारण मामींनीच एकदा चहा देताना सांगितलं. अण्णांची नजर गेल्यापासून ते दुपारी त्या भिंतीला पाठ टेकून सिनेमा ऐकत बसतात. मामांनी मात्र हे कधी कबूल केलं नाही.

परवा दुपारी मी गेलो, तेव्हा दोन भावांचा सिनेमा चालला होता. मामांनी तो आधी बघितलेला. शेवटी थोरला मरतो आणि मग नुसती रडारड आहे, हे त्यांनी मला सांगूनही टाकलं होतं. धाकट्याला सोडवायला थोरला एकटाच गुंडांच्या घोळक्यात घुसला, त्याच्या पोटात सुरा गेला आणि नेमकी लाईट गेली. घर एकदम गप्प झालं. मग भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला आणि त्यामागून अण्णांचा आवाज.

"थोरल्याचं काय झालं रं?"

मामींच्या हातातलं सूप पाखडता पाखडता थांबलं. मामा भिंतीकडे बघत राहिले. हे आता बोलत नाहीत, असंच मला वाटलं.

"जगला, अण्णा," मामा म्हणाले. "दवाखान्यात नेलं त्याला. आता बरा हाय."

"झ्याक झालं. आन् धाकटा?"

"उशाला बसलाय की त्याच्या."

लाईट आली तशी मामांनी झडप घालून टीव्ही बंद केला. अण्णांच्या कानावर खरा शेवट जाऊ नये, एवढीच त्यांना घाई. मग टॉवेलने तोंड पुसलं आणि ते शेजारी गेले.

"उगंच घालवली एवढी वर्सं दोघांनी," मामी म्हणाल्या. पलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द काही कळत नव्हते. आम्ही टीव्ही न लावता तसेच ऐकत बसलो.