मांडीतली कळ

पन्नासच्या दशकात मी अंधेरीच्या एका लहान इस्पितळात डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. एका सकाळी वर्सोव्याहून एका कोळीण म्हातारीला तिच्या सुनेने टांग्यातून आणलं. वय सत्तरीचं, अंगावर मांस म्हणून नाही. चार दिवस उलट्या, पोट फुगलेलं, शौच नाही, वारा सरत नाही. आतडं अडलंय हे उघड होतं. कशाने, ते कळत नव्हतं. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नव्हता, जांघेत हर्नियाची गाठ नव्हती.

आमचे वयस्कर सर्जन म्हणाले, "आतड्याचा क्षय असेल. सलाईन लाव, नाकातून नळी घाल. दुपारी पोट उघडून बघू."

मी नळी घालून वळणार, तोच म्हातारीने माझा हात धरून उजव्या मांडीवर ठेवला. "पोटाचं र्‍हाऊ दे गो बाय. आधी ही मांडी बघ."

सून म्हणाली, "वर्षभर हेच चाललंय. मधूनच कळ येते, गुडघ्यापर्यंत जाते. वात असेल म्हणून तेल चोळतो आम्ही."

मी तिचा पाय सरळ करून आत वळवला. ती कळवळली. गुडघा वाकवून दिला तशी शांत झाली. मला पुस्तकातल्या बारीक टाइपातल्या चार ओळी आठवल्या. हडकुळ्या म्हाताऱ्या बायकांत कधीतरी कमरेच्या हाडातल्या भोकात आतडं शिरतं, तिथली नस दाबली जाते, आणि दुखते ती मांडी.

मी सर्जनना सांगितलं.

"पंचवीस वर्षांत अशी एकही केस पाहिली नाही मी," ते म्हणाले. पण उठले, हातमोजा चढवून स्वतः आतून तपासलं. त्यांचं बोट एका जागी थांबलं. "गाठ लागतेय," एवढंच बोलले.

दुपारी पोट उघडलं. आतड्याचा जेमतेम बोटभर तुकडा त्या भोकात अडकला होता. त्यांनी तो हलकेच सोडवला. काळानिळा पडला होता. गरम सलाईनची फडकी त्यावर ठेवून आम्ही वाट पाहिली. हळूहळू गुलाबी रंग परतला. आतडं कापावं लागलं नाही. भोक टाके घालून बंद केलं.

तोंडावरचा मास्क उतरवत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "निदान हिचं आहे. कागदावर हिचंच नाव लिहा."

तिसऱ्या दिवशी वारा सरल्याची बातमी म्हातारीने स्वतःच वॉर्डभर सांगितली. बाराव्या दिवशी ती आपल्या पायांनी पायऱ्या उतरून घरी गेली.

पुढे मी कितीतरी पोटं उघडली. माणसाने नम्र असावं, हे मला मान्य आहे. त्या केसबद्दल मात्र मला ते कधी जमलं नाही.