सकाळच्या फेऱ्या

न्हाव्याची पाठ रात्रभरात लाकूड होई आणि सकाळी ती सोडवायचं काम बायकोचं. त्याच्या दुखण्याची तऱ्हाच उलटी. पडून राहिलं की वाढायचं, चाललं की उतरायचं. म्हणून उठल्या उठल्या ती त्याला कमरेला धरून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालवी. तो कुरकुर करी, ती दाद देत नसे. मान वाकत नाही म्हणून गिऱ्हाइकं त्याला ‘साहेब’ म्हणत.

पाठीचं एक वेळ परवडलं. खरा घोर वेगळाच होता. त्याच्या रक्तात रोगाशी झुंजायची ताकदच बेताची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पहारेकरी मुळात थोडे, आणि आहेत ते चोराला सोडून घरच्यांनाच झोडपतात." तेव्हापासून शिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दारातूनच परत पाठवी. पण परवा एकजण खोकत खोकत आला. नोकरीच्या मुलाखतीला निघालेला. न्हाव्याचा जीव मऊ, त्याने दाढी करून दिली.

आज तो उठेचना.

"आज राहू दे गं."

"निमित्तं नकोत. उठा."

तिने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पहिल्या फेरीत तो दाराशी थबकला. दुसरीत त्याने भिंत धरली. आज पाठीने भलतंच धरलंय, आणखी चालवायला हवं, असं वाटून तिने त्याला पुढे रेटलं. त्याची पावलं फरफटू लागली, तरी ती रेटतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की चालून दुखणं उतरत नाहीये, चढतंय. तिने पुढे होऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळसर पडले होते. शेजाऱ्याच्या गाडीत त्याला कसंबसं बसवून तिने दवाखाना गाठला.

"न्यूमोनिया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या अंगात ताप चढायचंही बळ नाही, म्हणून कळलं नाही. आजची रात्र कठीण आहे."

ती खाटेशी बसली. त्याने नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"पाठ नव्हती ती. पहिल्याच फेरीला कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"निमित्त सांगतोय, म्हणाली असतीस."

तिने मास्क पुन्हा नीट बसवला. ती तेच म्हणाली असती.