कोपर हललं की

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझं तोंड बघून ऑफिसात काय झालं ते ओळखते. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगून टाकतो, एवढंच.

आधी बाबांबद्दल. ते पुण्याच्या रेसकोर्सवर रायडिंग बॉय होते, म्हणजे पहाटे घोड्यांना सराव देणारे. शर्यतीत उतरायची संधी कधी मिळाली नाही. पण जॉकी ओळखावा तर त्यांनी. कोण घोड्याला उगाच पुढे काढून दमवतो, कोण शेवटपर्यंत कठड्याला चिकटून राहतो, कुणाच्या हातात अजून घोडा शिल्लक आहे — सगळं त्यांना जॉकीच्या कोपरांवरून कळायचं. "कोपर हललं की समजायचं, घोडा संपला. जॉकी मागतोय, घोडा देत नाही." आयुष्य रेसकोर्सवर गेलं, पण ते स्वतः एकदाही रेस खेळले नाहीत. खेळणाऱ्यांची घरं बसलेली त्यांनी पाहिली होती. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरीसाठी निघालो तेव्हा विमानतळावर एवढंच म्हणाले, "रेस खेळू नकोस." मी हसलो होतो. चिप बनवायच्या मशीनवर काम करणारा माणूस मी — मी कशाला रेस खेळतोय?

खेळलो. आणि तेही शर्यत चालू असताना. घोडे पळत असतात, फोनवर पैजेचा भाव क्षणाक्षणाला बदलत असतो, आणि कुठला जॉकी आता मागायला लागणार हे इतरांच्या आधी ज्याला कळतं, त्याचं फावतं. मला ते कळावं कसं? मी तर उभ्या जन्मात घोड्यावर बसलो नव्हतो.

दर शनिवारी दुपारी बायको मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन जायची. त्या सायकलवरून वळल्या, की मी बाबांना व्हिडिओ कॉल लावायचो. त्या दिवशी इंग्लंडातल्या शर्यतींत उतरणाऱ्या जॉकींच्या जुन्या शर्यती त्यांना दाखवायचो. नुसता छंद म्हणून बघतो, असं सांगितलं होतं. ते खूश. भरभरून बोलायचे, मी वहीत उतरवून घ्यायचो. शर्यतीची वेळ झाली की "काम आलं" म्हणून फोन ठेवायचो. ज्या शर्यतीसाठी ते एवढं बोलायचे, ती मी त्यांना कधी दाखवलीच नाही. आणि आई सोसायटीत सांगत फिरायची — आमचा मुलगा दर शनिवारी बापाशी तासभर बोलतो.

मग बाबा चुकायला लागले. कोपर स्थिर आहे म्हणायचे, आणि ते हलत असायचं. मोतीबिंदू. दोन वर्षं डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. पण उधळलेल्या घोड्याला न भिणारा हा माणूस डोळ्याला हात लावू देत नव्हता. एका शनिवारी त्यांच्या शब्दावर मी सपाटून हरलो. पुढच्या वेळी फाडकन बोललो, "राहू द्या बाबा, तुम्हाला आता दिसत नाही." आणि शनिवारचे फोन बंद केले.

महिन्याभरात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. मला न सांगता. त्यानंतरच्या शनिवारी — हे आईने मागाहून सांगितलं — दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, काळा चष्मा लावला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मला कॉल लावला. माझी शर्यत रंगात आली होती. पैसे लागलेले होते. स्क्रीनवर 'बाबा' उमटलं — आणि मी चिडून कॉल कापला.

संध्याकाळी फोन केला. मीटिंग होती म्हणालो. शनिवारी मीटिंग! त्यांनी ते लगेच मानलं.

"असतात रे कामं. बरं ऐक, डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं. आता कोपरं लख्ख दिसतात. पुढच्या शनिवारी दाखवशील?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मला लाज वाटत होती, अगदी मनापासून वाटत होती — पण त्या लाजेचं मी केलं काय?

पुढच्या शनिवारी मी त्यांना शर्यती दाखवल्या. एक कोपर चुकलं नाही त्यांचं. ते बोलत होते, आणि मी वहीत लिहून घेत होतो.