अंदमानचा फोटो

कपाट आवरताना सनस्क्रीनची जुनी ट्यूब सापडली, आणि झाकण काढताच नारळाच्या त्या गोडसर वासासरशी अंदमानचा किनारा डोळ्यांसमोर आला. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, हातांवर मेंदी गडद होती. ग्वारीघाटापलीकडे मोठं पाणी मी पाहिलंच नव्हतं, म्हणून नर्मदेच्या सवयीनं आधी ओंजळभर पाणी डोक्याला लावलं. ते ओघळून डोळ्यांत चुरचुरलं. हे लांब, मोबाइलमध्ये मान घालून उभे होते. किनाऱ्यावरचा फोटोवाला ओरडला, "भैया, भाभीजी का हाथ तो पकड़िए!" यांनी पकडला. मागे हिरवंनिळं पाणी, तापलेली पांढरी वाळू, आणि यांचा गार तळवा. फोटो निघाला तसा यांनी हात सोडला आणि पँटला नीट पुसला. वाळू लागली असेल, म्हणून मी माझा हात उलटसुलट करून पाहिला. स्वच्छ होता. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही. चल, ऊन वाढून राहिलं." सासूबाईंनी तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. आलं-गेलं माणूस म्हणतं, "किती खुश दिसून राहिले दोघं!" यांनी माझा हात धरलेला फक्त तिथंच दिसतो, म्हणून त्याची काच रोज मीच पुसते.