नळीतली भाकरी

भवानी पेठेतल्या आमच्या घरात आज सकाळी पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. तव्यावरच्या ज्वारीचा खरपूस वास सुटला की कोणालाही भूक लागावी. मला मात्र मान खाली घालावीशी वाटते. थापणारे हात माझ्या आत्याचे. आईमागं तिनंच मला वाढवलं.

तीन वर्षांपूर्वी तिला घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशनचे शेक सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत तिला घोटभर पाणी गिळवेना, बोलवेना. नाकातून पोटात नळी घातली. वजन आणखी उतरलं तर शेक मध्येच थांबवावे लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पातळ पेज, दूध, वरणाचं पाणी, जे द्यायचं ते फडक्यातून गाळून सिरिंजनं सावकाश सोडायचं, मागून पाणी. पण आमच्याकडं दिवसभर काहीही खा, भाकरी पोटात गेली नाही तर माणूस उपाशीच. जन्मभर दुसऱ्यांसाठी भाकऱ्या बडवलेली बाई नुसत्या पेजेवर कशी तगेल, या कळवळ्यानं मी अतिशहाणपणा केला. कडक भाकरी मिक्सरमधून पीठ होईपर्यंत फिरवली, वरणात कालवली आणि कस निघून जाईल म्हणून गाळलीच नाही. नळी तुंबली. कोमट पाण्यानंही हलेना.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "काय घातलं होतं यात?" मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्यानंच हट्ट केला, भाकरी पाहिजे म्हणून."

जिला बोलता येत नव्हतं, तिच्यावर मी ढकललं. सिस्टर तिच्याकडं वळल्या. "आजी, असं करायचं असतंय का? आता नवी नळी घालावी लागंल की." आत्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि चूक कबूल केल्यासारखी मान हलवली. मग सोललेल्या घशातून नवी नळी जाताना तिनं माझाच हात घट्ट धरला. तो मला सोडवून घ्यावासा वाटत होता.

शेक पुरे झाले, यथावकाश नळी निघाली. तोंडाला लाळ फारशी सुटत नाही, म्हणून ती आता भाकरी आमटीत भिजवून खाते. विचारपूस करायला कोणी आलं की नळी तुंबल्याची गोष्ट हसत सांगते, "मलाच भाकरीचं याड." मी तेव्हा पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो.

आज ताटावर बसल्यावर धीर करून म्हणालो, "आत्या, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "मी हुते की तितं. लई भ्याला हुतास तू. जेव आता, गार व्हतीया."

मी जेवलो. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. इतकी वर्षं माझी लाज तिनं आपल्या पदराखाली झाकली, आणि उद्या कोणी आलं तर ती पुन्हा तीच गोष्ट सांगेल. तेव्हा मी पाणी आणायला उठतो की तिथंच बसून राहतो, एवढंच आता माझ्या हातात आहे.