सुमतीताईंच्या सुती साड्या

ऑफिसातले किस्से कपाटातल्या साड्यांसारखे असतात. एक ओढली की चार अंगावर येतात! कलकत्त्याच्या डलहौसी भागातल्या आमच्या ऑफिसातले माझे निम्मे किस्से तर एकट्या सुमतीताईंचे आहेत.

मी जन्माची कलकत्तेकर, ऑफिसात स्टेनो. सुमतीताई साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या हेडक्लार्क. दिवस बेलबॉटमचे आणि नायलॉनचे. ताई मात्र सुती साडी, कोल्हापुरी चपला आणि चापून घातलेला अंबाडा अशा हजर झाल्या. आमची टायपिस्ट रीटा पहिल्याच दिवशी म्हणाली, "दीदी, सीधे गाँव से?"

"हो, साताऱ्याहून. तिकडेही चपला पायातच घालतात!"

रीटाने आपले पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतले.

*

दुर्गापूजेची सुट्टी संपली की कलकत्त्यात एकच चौकशी, "पूजोय कॉटा होलो?" म्हणजे पूजेला नव्या साड्या किती झाल्या? कुणी पाच सांगायची, कुणी सात. मी दोनाच्या चार करून सांगितल्या. मग ताईंची पाळी आली.

"एक. नेसणारीही एकच आहे ना!"

मी खाली मान घालून टाइप करायला लागले.

*

पण मला अक्कल आली नाही. न्यू मार्केटातून चार बोटं उंच टाचांच्या सँडल्स आणल्या आणि दुसऱ्याच दिवशी एक टाच ट्रामच्या रुळात अडकली. समोरून घंटा वाजवत ट्राम! बरोबर चालणाऱ्या ताई सरळ रुळांत उभ्या राहिल्या आणि छत्री आडवी धरली. ट्राम थांबली. मी आपली सँडल ओढतेच आहे.

"अगं बये, आधी पाय काढ!"

त्या दिवशी अनवाणी ऑफिसात गेले. लाज वाटली, आणि या बाईबद्दल फार माया वाटली.

*

ताईंना ऑफिसर व्हायचं होतं, आणि तो हट्ट त्या सोडणार नव्हत्या. काम चोख, परीक्षा पास, पण इंटरव्ह्यूत दोनदा पाडलं. शेरा एकच : 'पर्सनॅलिटी नाही.' मला इतका संताप आला की विचारू नका. रीटाही एव्हाना ताईंच्या बाजूची झाली होती. तिसऱ्या इंटरव्ह्यूच्या आधी तिने आपली जॉर्जेटची साडी आणि नकली केसांचा खोपा आणून दिला.

ताईंनी खोपा हातात घेऊन नीट पाहिला. "छान आहे गं. पण मग पास हा होईल, मी नाही!"

*

त्या वेळी ताई पास झाल्या. पण कशा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण शॉर्टहँडची वही घेऊन मी कोपऱ्यातच बसले होते.

मे महिना. समोर तीन साहेब, तिघेही सुटाबुटात. मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून साडीकडे पाहिलं. "ऑफिसरला चार मोठ्या लोकांत वावरावं लागतं. या अवतारात तुम्हाला ऑफिसर कोण म्हणेल?"

माझी पेन्सिल थांबली. ताई उत्तर देणार, तोच लोडशेडिंग! पंखा बंद. दहा मिनिटांत तिघांच्याही कॉलरी भिजल्या. मोठे साहेब कोट काढेनात, म्हणून बाकीचे दोघेही काढेनात! आणि ताई सुती साडीत ताठ बसून एकेक नियम तोंडपाठ सांगताहेत. शेवटी ताईंनाच राहवेना.

"साहेब, कोट काढा. त्याच्याशिवायही आम्ही तुम्हाला साहेबच म्हणू!"